पाती थांबेपर्यंत सीट सोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ट्रॅक्टरमागे लावून गवत-झुडपं कापायचा पाच फुटी जुना रोटरी कटर घेतलाय, ज्याला बरेच जण स्लॅशरच म्हणतात. ट्रॅक्टरही जुना, सिंगल क्लचचा. जमीन तीन-चार वर्षं पडून आहे, गवत कमरेच्या वर गेलंय, मधेमधे अंगठ्याएवढ्या खोडाची झुडपं आहेत आणि एका बाजूला उतार आहे. विकणाऱ्याने पीटीओ शाफ्टवरचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला गती देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचं, कव्हर आधीच काढून टाकलेलं होतं. शिअर बोल्ट (जोराचा धक्का बसला की आधी तुटणारा बोल्ट) सारखा तुटतो म्हटल्यावर त्याने हायटेन्साइल, म्हणजे जास्त मजबूत बोल्ट टाकायचा सल्ला दिला. वर दोन वेळा असं झालं की क्लच पूर्ण दाबला तरी ट्रॅक्टर चार-पाच फूट पुढे सरकत गेला. तर असंच चालवलं तर चालेल का?

नाही चालणार. आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर सरकतो हे या सगळ्यात पहिलं बघा, कारण बाकीचे धोके काय जातीचे आहेत ते तिथेच कळतं.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. कटरच्या वरचा गिअरबॉक्स तो वेग वाढवतो, आणि पाच फुटी यंत्रात पाती साधारण हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतात. दीड मीटर व्यासाच्या वर्तुळात हजार फेरे म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला ७८ मीटर जातं. तासाला २८० किलोमीटर धरा. दोन जाड लोखंडी पाती, ती जिच्यावर बसतात ती पट्टी आणि खालची थाळी, हे सगळं वजन त्या वेगाने फिरत असतं. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये चाकांकडे जाणारी गती आणि पीटीओकडे जाणारी गती दोन्ही एकाच क्लचच्या पलीकडून निघतात. तुम्ही क्लच दाबता तेव्हा इंजिन सुटतं, पण पाती आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. मग उलटा कारभार सुरू होतो. पाती शाफ्ट फिरवतात, शाफ्ट ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स फिरवतो आणि गिअरबॉक्स चाकं ढकलतो. समोर विहीर असो, कुंपण असो की माणूस, पात्यांमधला जोर संपेपर्यंत ट्रॅक्टर चालत राहणार. अशा वेळी क्लचबरोबर ब्रेक दाबायचा आणि गिअर न्यूट्रलला आणायचा. पण घाबरलेल्या माणसाला हे तिन्ही एकदम सुचत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार मोठा नाही. पीटीओच्या दांड्यावर बसणारा ओव्हररनिंग क्लच मिळतो. त्याचं काम सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. पायडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं, पण चाक पायडलला फिरवू शकत नाही. तसा पीटीओ पात्यांना फिरवतो, पाती मात्र पीटीओला फिरवू शकत नाहीत. तुमच्या ट्रॅक्टरचे स्प्लाइन, म्हणजे पीटीओच्या दांड्यावरचे उभे दाते, मोजून घ्या. बहुतेक ट्रॅक्टरना १ ३/८ इंची (साधारण ३५ मिलिमीटर) सहा स्प्लाइनचा दांडा असतो, पण जुन्या यंत्राबाबत डोळ्यांनी खात्री केलेली बरी. हा तुकडा बसवला की जोडणीची लांबी वाढते. तेव्हा शाफ्ट पुन्हा मोजावा लागेल, कदाचित कापावाही लागेल. तो कसा, ते पुढे येतंच. ट्रॅक्टरला डबल क्लच असता किंवा पीटीओचा वेगळा लिव्हर-क्लच असता, तर ही भानगड नव्हती. ओव्हररनिंग क्लच बसेपर्यंत कटर शेतात नेऊ नका.

आता याची दुसरी बाजू. ओव्हररनिंग क्लच बसवला की पात्यांना अडवणारं काही उरत नाही. पूर्वी ट्रॅक्टर थांबला की त्याच्याबरोबर पातीही थांबायची. आता पीटीओ बंद केला तरी ती आपल्या जोरावर फिरत राहतात, आणि बराच वेळ फिरतात. या क्लचच्या काही जातींमध्ये तेवढा वेळ टिकटिक ऐकू येते, आधी घाईघाईने, मग सावकाश, मग शेवटची दोन-तीन टिक लांब लांब. माझ्याकडचा तसलाच आहे. इंजिन बंद करायचं आणि ती टिकटिक संपेपर्यंत सीटवर बसून राहायचं, ही सवय मला त्यानेच लावली. तुमचा मुका निघाला तर मान वळवून शाफ्टकडे बघा. क्लच ट्रॅक्टरच्या टोकाला आहे, म्हणजे शाफ्ट पात्यांशी जोडलेलाच आहे. शाफ्ट थांबला म्हणजे पाती थांबली.

यात एक मोठी पाचर आहे, ती लक्षात ठेवा. शिअर बोल्ट बहुतेक यंत्रांत शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. तो तुटला की शाफ्ट आणि पाती यांची फारकत होते. पीटीओ बंद केला की शाफ्ट लगेच थांबेल, पाती मात्र फिरत असू शकतील. आणि माणूस खाली उतरतो तो नेमका बोल्ट तुटल्यावरच. म्हणजे ज्या वेळी उतरायची सर्वांत जास्त घाई असते, त्याच वेळी शाफ्ट खोटी साक्ष देतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. खोडाला ठेच लागली, खाडकन आवाज झाला, बोल्ट गेला. पीटीओ बंद केला, मागे बघितलं तर शाफ्ट उभा. उतरलो, हातातल्या काठीने मागच्या साखळ्या बाजूला केल्या आणि वाकून बघायला लागलो. काठी अशी ओढली गेली की हातात वीतभर तुकडा उरला आणि अंगठा दोन आठवडे सुजलेला होता. आवाज म्हणावा असा काहीच नव्हता. गवतावर फिरताना पाती घरघरतात, मोकळी फिरताना नुसती हवा हलते आणि इंजिन चालू असेल तर तीही ऐकू येत नाही. तेव्हापासून बोल्ट तुटला की मी इंजिन बंद करतो, किल्ली खिशात घालतो, घड्याळात दोन मिनिटं मोजतो, आणि मग गिअरबॉक्सच्या बाजूचा दांडा उभा आहे ना हे लांबून बघून पुढे जातो.

बोल्टचं म्हणाल तर तो तुटायलाच ठेवलेला असतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी खिळा ठोकणाऱ्याला आपण काय म्हणतो? हायटेन्साइल टाकलात तर बोल्ट टिकेल, पण पुढच्या दगडाचा धक्का शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला फुलीच्या आकाराचा तुकडा) खाईल, नाहीतर गिअरबॉक्सचे दाते, नाहीतर ट्रॅक्टरच्या आतला पीटीओचा दांडा. यातला सर्वांत वाईट प्रकार क्रॉस तुटण्याचा. शाफ्टचं एक टोक सुटतं आणि दुसरं टोक फिरत असतं. तो लोखंडी दांडा मग सोट्यासारखा भोवती आपटत राहतो आणि चालकाची सीट त्याच्यापासून हातभर अंतरावर असते. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच बोल्ट घ्या, ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. पाच-सहा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा.

सारखा तुटतोय तर कारण शोधा. बरेचदा भोकं झिजून लांबट झालेली असतात, मग बोल्ट आत हलत राहतो आणि धक्के खाऊन तुटतो. कधी एक पातं मोडकं असतं. पण सर्वांत सामान्य कारण म्हणजे इंजिन जोरात चालू असताना, कटर उंच गवतात टेकलेला असताना पीटीओ टाकणं. जागच्या जागी उभ्या वजनाला एका झटक्यात हजार फेऱ्यांवर नेताना बोल्टने काय करावं? कटर मोकळ्या जागी आणा, जमिनीपासून थोडा वर ठेवा, इंजिन अगदी हळू ठेवून पीटीओ घाला, पाती फिरू लागली की हळूहळू रेस वाढवा, आणि ५४० च्या खुणेवर काटा आला की मगच गवतात शिरा. बंद करतानाही आधी रेस कमी, मग पीटीओ.

तुमच्या यंत्राला बोल्टऐवजी स्लिप क्लच (धक्का बसला की चकत्या घसरून जोर सोडणारा क्लच) निघाला तर वेगळी कथा. पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या यंत्राच्या स्लिप क्लचच्या चकत्या गंजून एकजीव होतात. बाहेरून धडधाकट दिसतो, पण वेळेला घसरत नाही. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट सारखे मोजून सैल करायचे, चकत्यांच्या कडेवर खडूची सरळ रेघ मारायची, दोन-तीन सेकंद पीटीओ चालवून सगळं पूर्ण थांबल्यावर बघायचं. रेघ तुटली असेल तर क्लच सुटला. मग नट मॅन्युअलमधल्या मापाला परत आवळायचे. नट किती फेरे सोडले ते लिहून ठेवा, मी एकदा विसरून बसलो होतो.

आता शाफ्टचं कव्हर. नवं आणा. याच्यावर चर्चा नाही. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टचा घेर वीतभराहून थोडा जास्त धरला, तरी सेकंदाला जवळपास दोन मीटर कापड तो गुंडाळून घेतो. "अरे!" म्हणायला माणसाला अर्धा सेकंद लागतो, तोवर बाहीच काय, खांदा तिथे पोचलेला असतो. गुळगुळीत दांड्यात काय अडकणार, असं लोक म्हणतात. दांड्यात नाही अडकत, क्रॉसच्या ग्रीस निपलमध्ये अडकतं, लॉकच्या पिनमध्ये अडकतं, सुकलेल्या चिखलाच्या खपलीतही अडकतं. ओढणी, उपरणं, ढगळ शर्ट, जॅकेटची दोरी, बुटाची सुटलेली नाडी यातलं काहीही चालतं त्याला. कव्हर नुसतं असून भागत नाही, ते शाफ्टवर मोकळं फिरलं पाहिजे. सगळं बंद असताना हाताने फिरवून बघा. बेअरिंगमध्ये अडकून ते शाफ्टबरोबरच फिरत असेल तर ते नसल्यात जमा. त्याची बारीक साखळी ट्रॅक्टरला अडकवा, म्हणजे ते एका जागी राहील. ट्रॅक्टरच्या पीटीओवरचं पत्र्याचं झाकण आणि गिअरबॉक्सकडचं झाकण, दोन्ही जागेवर हवीत.

शाफ्टची लांबी अशी बघा. कटर जोडून हळूहळू वर-खाली करा आणि दोन टोकं सर्वांत जवळ कधी येतात ते पाहा. साधारण शाफ्ट जमिनीला समांतर असतो तेव्हा ती येतात. त्या वेळी आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला टेकता कामा नये, दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळीक हवी. टेकली तर ती पीटीओच्या बेअरिंगलाच आत ठोकते. आणि कटर सर्वांत लांब जातो तेव्हा दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी शिरलेल्या असाव्यात. कापायची झाली तर आतली-बाहेरची दोन्ही सारखी कापा, कव्हरही तेवढंच कापा, कानसीने कडा घासा, ग्रीस लावा. शाफ्ट दांड्यावर चढवला की लॉकचा टक् आवाज ऐका आणि मागे जोरात ओढून बघा. नुसत्या आवाजावर विश्वास नको.

जोडणीबद्दल फार सांगत नाही, तुम्ही इतर अवजारं जोडता तसंच. फक्त ट्रॅक्टर मागे घेताना अवजार आणि ट्रॅक्टर यांच्या मधे कोणीही उभं राहायचं नाही, अगदी पिन घालायलाही. आधी ट्रॅक्टर थांबवा, हँडब्रेक ओढा, मग पिन. चेक चेन, म्हणजे खालच्या दोन दांड्यांना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या, आवळा, नाहीतर उतारावर कटर बाजूला झोके घेतो. टॉप लिंकने (अवजाराला वरून धरणारा, लांबी बदलता येणारा दांडा) आणि कटरच्या मागच्या चाकाने असं जमवा की कटरचा पुढचा काठ मागच्यापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर खाली राहील. पाती कापतात ती पुढच्या बाजूला. मागची बाजू खाली राहिली तर कापलेलंच गवत पुन्हा पुन्हा कुटलं जातं आणि ट्रॅक्टर उगाच दमतो.

तुमच्या जमिनीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गवताखाली काय आहे याची. तीन-चार वर्षांत तिथे काय काय पडलं असेल देव जाणे. यंत्र न्यायच्या आधी एक सकाळ द्या. हातात काठी आणि बांबूच्या कामट्यांना बांधलेल्या रंगीत चिंध्या घ्या, आणि पेरणीला फिरतो तशा ओळींनी पूर्ण जागा तुडवा. दगड, जुने खुंट, लोखंडी सळ्या, पाइपचे तुकडे, खड्डे, चर. उचलता येईल ते उचला, न येईल तिथे चिंधी. एका फेरीत सगळं दिसत नाही, म्हणून पहिली कापणी उंचावरून करा, वीतभर किंवा त्याहूनही वर. गवत बसलं की राहिलेले दगड उघडे पडतात. मग दुसऱ्या फेरीत खाली या. पाती जमिनीला घासत चालवायची यंत्रं ही नव्हेत.

दगड वाईट, पण तार त्याहून वाईट. तासाला २८० किलोमीटर वेगाच्या पात्याने दगडाला टोला दिला तर तो शंभर मीटरवरही जाऊ शकतो, आणि कोणत्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही. म्हणून कटरच्या पुढे-मागे साखळ्यांचे किंवा रबराचे पडदे असतात. तुमच्या यंत्राच्या किती साखळ्या शिल्लक आहेत ते मोजा, जुन्या यंत्रांच्या निम्म्या गळालेल्या असतात. पूर्ण करा. शंभर मीटरच्या आत माणूस, गुरं, गाडी, घराच्या काचा काही नको. रस्त्याला लागून कापायचं असेल तर वर्दळ नसलेली वेळ बघा. तारेचं मात्र वेगळं असतं. कुंपणाची जुनी तार पात्यांच्या बुंध्याला गुंडाळली जाते आणि तिचं एक टोक कधी कधी कटरच्या बाहेर येऊन चाबकासारखं फिरतं. साखळ्या तिला अडवू शकत नाहीत. माझ्या मागच्या टायरमध्ये एकदा बोटभर तारेचा तुकडा असा रुतलेला सापडला की पक्कडीने निघेना. तो टायरच्या जागी पोटरीत गेला असता. तार किंवा नायलॉनची दोरी बुंध्याला थोडीशी जरी राहिली, तरी ती गिअरबॉक्सचं खालचं ऑइल सील कापते. तेल ठिबकून जातं आणि महिन्याभराने गिअरबॉक्स अचानक भाजून निघतो. खडखडाट किंवा फटफट असा नवा आवाज आला की पुढे जाऊ नका, थांबा आणि वर सांगितल्याप्रमाणे उतरा.

वेग तासाला तीन ते पाच किलोमीटर पुरे, म्हणजे माणूस चालतो त्यापेक्षा थोडा कमीच. दाट जागा आली की नवखा माणूस रेस कमी करतो. उलट आहे. रेस ५४० च्या खुणेवरच ठेवा, गिअर खालचा घ्या. रेस कमी झाली की पाती कापत नाहीत, झोडपतात, आणि गवत बुंध्याला गुंडाळतं. अंगठ्याएवढी खोडं पाच फुटी हलक्या कटरला चालतात, साधारण एक इंच ही त्याची हद्द धरा. त्याहून जाड असेल ते कुऱ्हाडीने नाहीतर करवतीने आधी काढा. तेही जमिनीलगत काढा, कारण तिरका कापलेला खुंट टायर फाडतो. वळताना कटर थोडा उचलला तरी शाफ्टचा कोन फार वाढू देऊ नका. क्रॉस कडकडायला लागला म्हणजे कोन जास्त झाला. जास्त उचलायचाच असेल तर पीटीओ बंद करून उचला.

मागे घेत झुडपात शिरण्याचा मोह होतो, कारण पुढून ट्रॅक्टरच्या रेडिएटरला फांद्या लागतात. शक्यतो टाळा. मागे काय आहे ते तुम्हाला दिसत नसतं, आणि तुम्ही जिथे बघत नाही तिथेच पाती जात असतात.

मडगार्डवर कोणी बसवायचं नाही. पुतण्या हट्ट करेल, गडी म्हणेल "मी धरून बसतो". नाही म्हणायचं. एका खड्ड्यात मागचं चाक उतरलं की बसलेला माणूस सुटतो आणि पडतो तो चाकापुढे, आणि चाकाच्या मागे लगेच कटर येतो. चालकाला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. लहान मुलं शेतावर असतील तर ती कुणाच्या ताब्यात आहेत हे विचारल्याशिवाय किल्ली फिरवू नका. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून मुलं लांब पळत नाहीत, धावत येतात.

जाता जाता एक. गवत बाहेरून आत कापत गेलात तर त्यातले ससे, पक्षी, साप मधल्या शेवटच्या पट्ट्यात कोंडतात. मधून एक पट्टा काढून बाहेरच्या दिशेने कापा, म्हणजे त्यांना वाट राहते. आणि झुडपात गांधीलमाशांचं मोहोळ असेल तर केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर तुमची काय गत होईल ते मी सांगायला नको. सकाळच्या त्या चालीत हेही बघा.

उताराला घाई करू नका. आधी तो मोजा. एक मीटर लांबीची पट्टी घ्या, एक टोक जमिनीला टेकवा, पट्टी पाणसळीने आडवी करा आणि दुसऱ्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजा. २७ सेंटिमीटर आलं तर उतार १५ अंशांचा आहे, आणि त्याहून तीव्र जागी मी हे यंत्र नेत नाही. तुम्ही नवे आहात, ट्रॅक्टर जुना आहे, तर तुमची हद्द १५ सेंटिमीटरची ठेवा. त्यापलीकडचा पट्टा हाताने कापून घ्या.

आडवं चालण्यापेक्षा चढ-उताराच्या दिशेने चाला. आडवं चालताना वरचं चाक दगडावर आणि खालचं खड्ड्यात, एवढं जुळून आलं की झालं, आणि गवतात ना तो दगड दिसतो ना तो खड्डा. पण सरळ चढतानाही सावध. मागे कटरचं वजन लटकतंय, त्यात चढ, त्यात क्लच झटक्याने सोडला, तर पुढची चाकं उचलली जातात. ट्रॅक्टर मागच्या मागे उलटायला दीड सेकंद लागतो. त्यातला परतीचा वेळ सुरुवातीच्या पाऊण सेकंदात संपलेला असतो, पाय क्लचपर्यंत जायच्या आत. म्हणून पुढे वजनं लावा, ट्रॅक्टर आणि कटर मिळून जे वजन होतं त्याचा पाचवा भाग तरी पुढच्या चाकांवर हवा. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग गुळगुळीत लागतं, हाताला ते लगेच कळतं. चढ जास्त वाटला तर पाती बंद ठेवून रिव्हर्समध्ये वर चढा, वर जाऊन पाती सुरू करा आणि कापत खाली या. उतरताना न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. कटर जमिनीलगत ठेवा, उचललेला कटर ट्रॅक्टरचा तोल वर नेतो. चराच्या किंवा नाल्याच्या काठापासून, चर जितका खोल तितकं तरी लांब राहा, काठाची माती वरून घट्ट दिसते.

तुमच्या ट्रॅक्टरला सीटमागची सुरक्षा चौकट आहे का, ते लिहिलेलं नाही. असेल तर ती उभी करा आणि पट्टा बांधा. चौकट आहे पण पट्टा नाही, तर ट्रॅक्टर उलटताना माणूस चौकटीच्या बाहेर फेकला जातो आणि तीच त्याच्या अंगावर येते. चौकट नसेल तर पट्टा बांधू नका, आणि उतारावर हा ट्रॅक्टर नेऊच नका. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना ही चौकट सक्तीची केली. पुढे जुन्यांनाही ती बसत गेली, तसे तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळपास थांबले. जुन्या ट्रॅक्टरच्या बऱ्याच मॉडेलना नंतर बसवता येणाऱ्या चौकटी मिळतात. गावठी वेल्डिंग करून घेऊ नका, तशी चौकट वजनाखाली दुमडते.

कटरच्या खाली हात घालायची वेळ येणारच, पाती तपासायला किंवा तार काढायला. तेव्हा लिफ्टच्या भरवशावर राहू नका. सील गळतं, पाइप फुटतो, नाहीतर कोणीतरी येऊन सहज लिव्हर खाली करतं. कटर उचला, खाली जाड लाकडी ठोकळे किंवा जॅक स्टँड लावा, मग कटर त्यांच्यावर टेकवा. विटा लावू नका, त्या भाराने फुटतात. इंजिन बंद, किल्ली खिशात, पीटीओचा शाफ्ट ट्रॅक्टरपासून काढलेला, आणि हातात जाड मोजे.

पाती बोल्टवर मोकळी हलली पाहिजेत. खोडाला लागली की ती मागे दुमडावीत म्हणूनच ती तशी बसवतात. गंजून अडकली असतील तर सोडवा. धार वस्तऱ्यासारखी नको, दीड मिलिमीटर जाडीची कड राहू द्या, नाहीतर ती पहिल्याच दगडावर चिरते. घासताना मूळचाच कोन ठेवा आणि मागच्या बाजूने घासू नका. बदलायची तर जोडीने, एकाच वजनाची. तडा गेलेलं पातं वेल्ड करून वापरणाऱ्यांना मी हात जोडतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पात्याचं पाणी उतरतं आणि नेमकं वेल्डच्या शेजारी ते तुटून जातं, तेही २८० च्या वेगाने. पात्यांचे नट आवळायला लांब दांड्याचा पाना आणि मॅन्युअलमधला टॉर्क लागतो, हाताच्या अंदाजावर काम नाही.

सुकं गवत, गरम सायलेन्सर आणि दगडावर उडणारी ठिणगी, यांचं काय होतं ते सांगायला नको. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. रेडिएटरच्या जाळीवर भुस्सा साचतो, दर तासाला थांबून झटका. गॉगल लावा आणि कानाला संरक्षण घ्या, पण मोबाइलचे इअरफोन नव्हे. मोबाइल खिशात ठेवा, टूलबॉक्समध्ये नको. ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाचा हात टूलबॉक्सपर्यंत पोचत नाही. कुठे चाललोय आणि कधी परतणार, ते घरी सांगून जा.

हे सगळं झालं की पहिल्या दिवशी फक्त सपाट तुकडा घ्या. अर्धा तास कापा, पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती थांबेपर्यंत सीटवर बसा. मग उतरून गिअरबॉक्सच्या पत्र्याला तळहात लावा. कोमट किंवा चांगला गरम लागला तर ठीक. क्षणभरही हात ठेववत नसेल तर तेलाची पातळी बघा आणि खालच्या सीलपाशी ओल आहे का ते बघा. एकेका बोल्टला पाना लावा, पहिल्या अर्ध्या तासात जुन्या यंत्राचा एखादा तरी सैल झालेला असतो. कोणता सैल निघाला ते लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.